इंटल.डेटटाइमफॉरमॅट: काही महिन्यांच्या वापरानंतर

एका पतसंस्थेच्या मराठी-इंग्रजी संकेतस्थळावर मुदत ठेवींच्या तारखा दाखवण्यासाठी जावास्क्रिप्टमधील ‘इंटल.डेटटाइमफॉरमॅट’ ही अंगभूत सोय मी काही महिने वापरत आहे. केवळ तारखा दाखवायच्या असतील, तर मोमेंटसारखी वेगळी लायब्ररी जोडण्याची गरज आता उरलेली नाही, असे माझे ठाम मत झाले आहे.

‘एमआर-आयएन’ हा भारतातील मराठीचा कोड दिला की महिन्याचे नाव मराठीत येते, दिवस-महिना-वर्ष हा क्रम लागतो आणि अंकही देवनागरी होतात. हिंदीच्या कोडला मात्र अंक इंग्रजीच मिळतात, कारण युनिकोडच्या सीएलडीआर या माहितीसंग्रहात दोन्ही भाषांची मूळ निवड वेगळी नोंदवलेली आहे. आमच्या तक्त्यांत रकमा इंग्रजी अंकांत असल्याने मराठी कोडाला ‘यू-एनयू-लॅटन’ अशी जोड दिली आणि तारखाही तशाच येऊ लागल्या. भारताने १९५७ मध्ये स्वीकारलेली राष्ट्रीय शक दिनदर्शिकासुद्धा अशाच जोडीने मिळते, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

मात्र ही सोय तारीख लिहिते, वाचत नाही, आणि खरा धोका वाचण्यातच आहे. देवनागरी अंकांतला मजकूर जावास्क्रिप्टमधील तारीख धरणाऱ्या ‘डेट’ या घटकाला परत दिला तर तो अवैध ठरतो, हे एक वेळ बरे; पण ०५/०३/२०२४ ही तारीख इंग्रजी अंकांत दिली, तर प्रचलित ब्राउझर ती अमेरिकी रीतीने ३ मे अशी घेतात आणि दिवसाचा आकडा बारापर्यंत असेल तोवर ही गफलत कोणाच्या लक्षातही येत नाही. ठेवीदाराच्या मुदतपूर्तीत दोन महिन्यांचा फरक अजिबात चालण्यासारखा नाही. म्हणून साठवण नेहमी वर्ष-महिना-दिवस या आयएसओ (आंतरराष्ट्रीय प्रमाण) स्वरूपातच करावी. वेबपानावरचा तारीख भरण्याचा रकाना पडद्यावर काहीही दाखवो, त्यातले मूल्य प्रोग्रामला याच स्वरूपात मिळते.

तरीही एक अडचण राहते. वेळेविना दिलेली अशी तारीख ‘डेट’ यूटीसीची (जागतिक प्रमाणवेळेची) मध्यरात्र समजतो, त्यामुळे न्यू यॉर्कमधील सभासदाला आदला दिवस दिसतो. मुदतपूर्ती ही दिनदर्शिकेवरची तारीख आहे, घड्याळातला क्षण नव्हे. म्हणून दाखवतानाही ‘टाइमझोन’ हा पर्याय यूटीसीच ठेवावा. नुसती तारीख धरणारा जावास्क्रिप्टचा नवा प्रकार ‘टेम्पोरल.प्लेनडेट’ फायरफॉक्स ब्राउझरमध्ये २०२५ मध्ये आला आहे, पण सभासदांचे जुने फोन पाहता आम्ही सध्या तरी याच मांडणीवर काम चालवणार आहोत.