लाईन ग्राफ: आधी प्रश्न वाचायचा की आधी ग्राफ?

एमपीएससीच्या सीसॅटला (पूर्व परीक्षेतला उतारे, गणित अन् बुद्धिमत्तेचा पेपर) ८० प्रश्न अन् १२० मिनिटं, म्हणजे एकाला दीडच मिनिट, त्यात जालना रोडवरून तासातासाला किती गाड्या गेल्या असला ग्राफ आला की पोरं सगळे आकडे वाचत बसतात. एकच प्रश्न असेल तर आधी प्रश्न वाचा, डायरेक्ट त्याच टायमावर जाता येतं. पण एका ग्राफवर चार-पाच प्रश्न असले की मला आधी ग्राफच बरा वाटतो, उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो का ते तर बघाच, नाहीतर बारीकशी वाढ पण लई मोठी दिसते. अन् सगळ्यात जास्त गाड्या वेगळं, सगळ्यात जास्त वाढ वेगळं. समजा ८ ला ४००, ९ ला ६००, १० ला ८०० गाड्या, रेघ दोन्हीकडं सारखीच चढते पण टक्क्यात पहिली वाढ ५० अन् दुसरी ३३ च्या आसपास, इथंच गंडवतात बघा.