रंगवलेल्या चासीपायी माझे १,८५० पौंड गेले

इंग्लंडमध्ये घरच्या गॅरेजात गाडी बांधायचं मनावर घेतलेल्या आपल्या मंडळींसाठी हे लिहितोय. गेल्या काही महिन्यांत तिघांनी मला विचारलं, "चासी तयार मिळते ना, मग वेल्डिंगच्या भानगडीत कशाला पडायचं?" चासी म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. मीही अगदी हाच विचार केला होता.

मी मूळचा कोल्हापूरचा. उद्यमनगरात वडिलांचा लेथ होता, त्यामुळे लोखंडाची भीती कधी वाटली नाही. गेली अकरा वर्षं कॉव्हेंट्रीत राहतोय. लोटस सेव्हनचं वेड मात्र शाळेपासूनचं. लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमनने १९५७ साली आणलेली ती बुटकी, लांब नाकाची, पुढची चाकं अंगाबाहेर असलेली गाडी. १९७३ मध्ये तिचे हक्क कॅटरहॅम कंपनीने घेतले आणि त्यांची गाडी आजही बनते, पण तिची किंमत माझ्या आवाक्यातली नाही. म्हणून आराखडे घेऊन तशाच धाटणीची गाडी घरी बांधायची. २५ मिलिमीटरचा चौकोनी पाइप, त्याची जाडी १६ गेज म्हणजे १.६ मिलिमीटर, तो मापात कापून जोडला की चासी होते. इंजिन-गिअरबॉक्स जुन्या गाडीतून काढायचा. पूर्वी लोक फोर्ड एस्कॉर्ट फोडायचे, आता बरेच जण माझदा एमएक्स-५ घेतात. सगळं झालं की आयव्हीए, म्हणजे गाडी रस्त्यावर आणण्याजोगी आहे का ते बघणारी सरकारी चाचणी, ती पास झाली तरच नंबर मिळतो.

आराखडे माझ्याकडे होते. वेल्डिंगचा हात मात्र बसलेला नव्हता आणि जिच्यावर बायको-मुलीला बसवायचं ती चासी शिकाऊ हाताने जोडायची हिंमत होईना. २०२५ च्या मार्चमध्ये एक माणूस भेटला. "याच आराखड्यावरून करून देतो, पावडर कोटिंगसकट, आयव्हीएला लागेल तशी." तासभर फोनवर बोलला. सीटबेल्टचे बॉस, म्हणजे बोल्ट आवळायचे आट्यांचे तुकडे, कुठे येतात, ट्रान्समिशन टनेलला, म्हणजे दोन सीटमधल्या बोगद्याला, तिरका पाइप का हवा, सगळं त्याला तोंडपाठ. मी भुललो तो या बोलण्याला. काम कळणारा माणूस काम चोख करणारच, असं मी धरून चाललो. वर्कशॉप बघायला येऊ का विचारलं, तर म्हणाला, विमा नाही, बाहेरच्यांना आत घेता येत नाही. फोटो पाठवले. कोऱ्या लोखंडावरचे वेल्ड एकसारखे, नाण्यांची चळत तिरकी पाडावी तसे. ६०० पौंड आधी दिले, १,२५० माल निघायच्या आधी. दोन्ही वेळा थेट बँकेतून.

चासी आली ती काळी कुळकुळीत. मी दोन दिवस नुसता तिच्याभोवती फिरत होतो. तिसऱ्या दिवशी सीटबेल्टचा बोल्ट बसतो का बघायला घेतला. पाना आवळला आणि बोल्टबरोबर आतला बॉसच फिरला. भोवतालचा रंग तडकला, खालून राखाडी भुकटी सांडली. बोटावर घेतली तर लांबी! आपल्याकडे डेंटिंग-पेंटिंगवाले गाडीच्या पोच्यात भरतात तीच. मुलीच्या खेळण्यातलं चुंबक आणलं आणि सांध्यासांध्यावर फिरवलं. पाइपावर खटकन चिकटायचं, सांध्यावर आलं की गळून पडायचं. मोजले तर एकतीस सांधे असे निघाले. लांबी खरवडून काढली तर तिथे वेल्ड नुसते टाके मारल्यासारखे ठिपक्याठिपक्याने होते, वर ग्राइंडर मारून लांबी भरलेली. ज्या सांध्यावर माणसाचा पट्टा अडकणार, तो सांधा दोन टाक्यांवर होता. हात थरथरत होते माझे. गाडी रस्त्यावर गेली असती तर, हा विचार अजून झोपेत येतो.

मग बाकीचंही तपासलं. पाइपाला बारीक भोक पाडून जाडी मोजली, १.२ भरली. इंजिनच्या जागेचे दोन्ही कर्ण मोजले, नऊ मिलिमीटरचा फरक, म्हणजे चासी वाकडी. आणि पावडर कोटिंग नव्हतंच. पावडर भट्टीत साधारण २०० अंशांवर भाजावी लागते, त्यात साधी लांबी टिकत नाही. म्हणून त्याने डब्यातला स्प्रे मारला होता. थिनरचं फडकं फिरवलं तर काळं फडक्यावर उतरलं. जुने फोटो पुन्हा उघडले तेव्हा कळलं की त्यातल्या चासीच्या मागच्या ब्रॅकेटला तीन भोकं आहेत, माझ्याकडच्या ब्रॅकेटला दोन. फोटो दुसऱ्याच कुठल्यातरी कामाचे होते.

फोन केला तर म्हणाला, "मी व्यापारी नाही, छंद म्हणून करतो." हे वाक्य त्याने उगाच टाकलं नव्हतं. व्यापाऱ्याकडून घेतलेली सदोष वस्तू ३० दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागायचा हक्क इथल्या २०१५ च्या ग्राहक कायद्याने मिळतो, खासगी विक्रेत्याला तो लागू नाही. वस्तू वर्णनाबरहुकूम नाही एवढंच भांडता येतं. बँकेकडे गेलो. ऑक्टोबर २०२४ पासून फसवून पैसे पाठवायला लावले तर बँकेने भरपाई द्यायची असा नियम आहे, पण त्यांचं म्हणणं पडलं की माल पोचलाय, दर्जाचा वाद आहे, तो दिवाणी. क्रेडिट कार्डने दिले असते तर १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या कलम ७५ खाली, १०० पौंडांच्या वरच्या खरेदीला, कार्ड कंपनीलाही जबाबदार धरता आलं असतं. त्यासाठीही विकणारा व्यापारी लागतो. कार्ड घेणारा माणूस "मी व्यापारी नाही" असं इतक्या सहज म्हणू शकला नसता. थेट बँकेतूनच पैसे हवेत, असा त्याचा हट्ट का होता ते मला तेव्हा उमगलं. स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या रकमांच्या कोर्टात, दावा लावला. तो आलाच नाही, निकाल माझ्या बाजूने लागला. त्याचा भाड्याचा गाळा रिकामा आहे, पैसे आजतागायत नाहीत.

त्याच्याकडूनच इंजिनही घ्यायचं ठरत होतं, "कागद मागाहून देतो" म्हणाला होता. तिथे तरी मी थांबलो. आयव्हीएत धुराची मर्यादा इंजिन कोणत्या सालचं आहे त्यावर ठरते आणि ते साल कागदावर दाखवावं लागतं. कागद नसेल तर आजच्या गाडीचे निकष लागतात, जुनं इंजिन तिथेच अडकतं.

तेव्हा कोणी चासी विकत असेल तर ती रंगाआधी बघा. कोऱ्या लोखंडावर वेल्ड लपत नाही. "मी येऊन बघतो, मग रंगव" म्हटल्यावर जो का-कू करेल, त्याला एक पौंडही देऊ नका. रंगवलेलीच असेल तर सांधे गुळगुळीत दिसले की संशय घ्या. चांगलं वेल्डिंग करणारा आपलं वेल्ड घासून टाकत नाही, त्याला ते दाखवायचं असतं.

कोल्हापूर-पुण्याकडचे मित्र विचारतात, आपल्याकडे असं करता येईल का. रस्त्यावर चालवायला, नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कंपनीने नोंदवलेल्या रचनेत बदल करायला बंदी आहे आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. जुन्या जीपच्या किंवा ॲम्बेसेडरच्या आरसीवर अशी गाडी "पासिंग करून देतो" म्हणणारा जो कोणी असेल, तो तुमच्याकडून पैसे घेईल आणि गाडी जप्त होईल तेव्हा फोन उचलणार नाही.

माझी ती चासी मी कापली. एकेक सांधा स्वतः कापला, म्हणजे ती दुसऱ्या कोणाच्या गळ्यात पडायला नको. जानेवारीपासून इथल्या कॉलेजात संध्याकाळचा वेल्डिंगचा वर्ग लावलाय, शिकवणारे गुरुजी माझा प्रत्येक नमुना व्हाइसमध्ये धरून मोडून बघतात. मिडलँड्समध्ये कोणी चासी बघायला निघणार असेल तर कळवा. चुंबक, व्हर्निअर आणि टेप घेऊन शनिवारी मी बरोबर येईन.