पंचांगातला योग की भुसावळचा फलाट?

आमच्या जळगावकडे लग्नाची गाठ दोन ठिकाणी पडते: पंचांगात, नाहीतर भुसावळच्या फलाटावर. पत्रिकेत ३६ गुण. १८ जुळले की बोलणी पुढे सरकतात. त्यातल्या आठ कसोट्यांपैकी एकट्या नाडीचेच ८, आणि दोघांची नाडी एकच निघाली की बरीच स्थळं तिथेच अडतात. गंमत म्हणजे हे गुण चंद्राच्या नक्षत्रावरून काढतात, आणि चंद्र एका नक्षत्रात साधारण दिवसभर असतो. म्हणजे त्या दिवशी जन्मलेल्या बहुतेकांचे एकाच स्थळाशी जुळणारे गुण जवळपास सारखेच!

फलाटावर गाडी उशिरा आली तर ओळख होते, वेळेवर आली तर नाही. मला हा योगायोग जास्त प्रामाणिक वाटतो. पण घरी सांगायचं कसं? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या बहिणी झोक्यावरूनच विचारतील, "नाडी पाह्यली का रे भाऊ?"