व्हॅक्यूम पंप, आठ महिन्यांनंतर: जुन्या वाइनला रिकामी छोटी बाटलीच बरी

उघडलेली वाइन टिकावी म्हणून बाटलीतली हवा ओढून काढणारा हातपंप आणि दोन रबरी बुचं, हा संच बहुतेकांनी पाहिलेला आहे. आठव्या महिन्यात एक बूच निकामी झालं. दुकानाचं उत्तर, रबराला वॉरंटी नाही. हे मुळीच पटत नाही. पंप फक्त हवा ओढतो, ती रात्रभर बाहेर ठेवायचं काम रबराचंच. वॉरंटी द्यायची तर त्यालाच द्यायला हवी.

बुचाच्या माथ्यावरची बारीक चीर हीच झडप. बाटलीच्या तोंडाला लागलेले वाइनचे थेंब तिच्यात वाळतात आणि ती नीट मिटत नाही. म्हणून बूच लावण्याआधी तोंड आतून-बाहेरून पुसायचं आणि दर वेळी बूच कोमट पाण्यात चीर उघडून धुवायचं. पंपाचा ‘टक्’ आवाज म्हणजे पंपाची ताकद संपली, बाटलीतली हवा संपली असं नव्हे. खरी परीक्षा सकाळी: चीर बाजूने दाबल्यावर ‘सुस्स’ झालं तर बूच टिकलं. आवाजच नाही, तर हवा रात्रीच आत गेली.

वाइन बिघडण्याचा सगळा दोष सहा महिने या चिरेलाच दिला होता. तो अर्धाच खरा निघाला. नव्या कोऱ्या बुचानेही दहा-बारा वर्षांची रिओहा ग्रान रेझेर्वा (स्पेनची, दीर्घकाळ मुरवलेली रेड वाइन) दुसऱ्या दिवशी फिकी लागते आणि तिसऱ्या दिवशी कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास येतो. ओतताना वाइनमध्ये विरघळलेला ऑक्सिजन पंप काढू शकत नाही, आणि अर्ध्या बाटलीत थोडी हवा उरतेच. तरुण वाइन ते सोसते. जुनीत हवेपासून वाचवणारा मुक्त सल्फर डायऑक्साइड फार कमी उरलेला असतो, बरंचसं टॅनिन (वाइनला तुरटपणा देणारं द्रव्य) साक्यात बसलेलं असतं. तंबाखू, चामडं, सुकलेली पानं असे नाजूक वास तेवढे राहतात, आणि तेच आधी जातात.

त्यामुळे आता ३७५ मिलीची, फिरकीच्या झाकणाची रिकामी बाटली. सुला वगैरेंच्या छोट्या बाटल्या मिळतात, त्या फेकू नका. यापेक्षा स्वस्त साधन नाही. साबण न लावता गरम पाण्याने धुऊन पूर्ण निथळू द्यायची. मोठी बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेवायची, म्हणजे साका तळाशी बसतो. बूच निघाल्या निघाल्या, पहिला पेला भरण्याआधी, नरसाळ्याने कडेकडेने छोटी बाटली भरायची. झाकणाखाली जेमतेम अर्धा सेंटिमीटर जागा ठेवायची. मग लगेच फ्रिजमध्ये. प्यायच्या पाऊण तास आधी बाहेर काढायची. अशी वाइन चौथ्या दिवशीही ओळखू येते. आधी पिऊन उरलेली भरली तर निम्मा फायदा गेला, कारण तोवर हवा लागलेली असते. साक्याचा शेवटचा घोट छोट्या बाटलीत जाऊ द्यायचा नाही.

न उघडलेल्या बाटलीच्या बुचातून सुई घालून वाइन काढणारं आणि तिच्या जागी आर्गॉन (वाइनला न बिघडवणारा वायू) भरणारं यंत्र उत्तम, पण गॅसच्या कुप्या पुन्हा पुन्हा घ्याव्या लागतात. शिवाय वीस-पंचवीस वर्षांचं बूच ठिसूळ असतं. सुईने भुगा पडतो किंवा भोक मिटत नाही. तिथे ते वापरू नये.

पंप टाकून द्यायची गरज नाही. नाशिकची ताजी शिराझ रेड वाइन दोन दिवस तो नीट सांभाळतो, फ्रिजमध्ये ठेवली तर. टॉनी पोर्टला (पोर्तुगालची गोड, कडक वाइन) मात्र पंपही नको: पिंपात वर्षानुवर्षं हवेशी जुळलेली ती वाइन साध्या बुचानेही फ्रिजमध्ये तीन-चार आठवडे राहते. व्हिंटेज पोर्ट, म्हणजे मुख्यतः बाटलीत मुरणारी पोर्ट, तशी नाही, ती दोन-तीन दिवसांत संपवा.