कुत्र्याला घेऊन सोलापूरच्या आसपास: हिप्परगा पास, नान्नज नापास

सुट्टीच्या सकाळी कुत्र्याला घेऊन सोलापुरात जायचं कुठे, तर पर्याय हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यातही जी जागा माणसांना आवडते ती कुत्र्याला सोसेलच असं नाही. म्हणून इथे गुण दिलेत ते सावली, जमीन, पाणी आणि आसपासची जनावरं एवढंच बघून. देखाव्याला आणि चहाच्या टपरीला गुण नाहीत.

हिप्परगा तलाव: पाचपैकी चार. कागदोपत्री नाव एकरुख. आदिला नदीवर १८७१ साली बांधून झालेला हा मातीचा बंधारा तुळजापूर रस्त्याने शहरापासून अगदी जवळ आहे. बंधाऱ्यावर नव्हे, काठच्या मोकळ्या माळाने चालायचं. नजर लांबवर पोचते, त्यामुळे मेंढरांचा कळप किंवा भटकी कुत्री आधीच दिसतात आणि वाट बदलता येते. कळपासोबत धनगराची राखणीची कुत्री असतात. ती तुमच्या लाडक्याला पाहुणा समजत नाहीत. एक गुण कापला तो सावली नाही म्हणून.

जायचं नोव्हेंबर ते फेब्रुवारी, उजाडता उजाडता, आणि नऊच्या आत परत. उन्हाळ्यात ‘संध्याकाळी जाऊ’ हा हिशेब चुकतो, कारण दिवसभर तापलेला डांबरी रस्ता आणि खडक दिवेलागणीनंतरही गरम असतात. हाताची पालथी बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसवत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही सोसणार नाही.

पाणी उतरलं की काठाचा गाळ वरून वाळलेला दिसतो, पण आत पाय जातो. जड कुत्रा पोटापर्यंत रुततो, घाबरून धडपडतो आणि आणखी आत जातो. जमिनीला भेगा दिसतात तिथेच थांबायचं. पंजाला लागलेला गाळ ओला असतानाच धुवा. वाळला की बोटांच्या मधे खड्यासारखा घट्ट बसतो आणि कुत्रा लंगडायला लागतो. तलावाचं पाणी प्यायला देऊ नका. साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो आणि हिरवट साय धरलेलं पाणी तर विषारी असू शकतं. वीस किलोच्या कुत्र्याला दोन तासांसाठी दीड लिटर प्यायला आणि तीन लिटर अंग भिजवायला, एवढं घरून न्या.

काठावर मासे धरणाऱ्यांचे तुटलेले गळ पडलेले असू शकतात. कुत्र्याने गळ गिळला आणि तोंडातून दोरा लोंबतोय असं दिसलं, तर दोरा ओढायचा नाही. ओढला की गळ आत रुततो. दोरा तसाच ठेवून थेट पशुवैद्याकडे. जे दिसेल ते तोंडात घालायची सवय असेल तर जाळीचं मुसकं घाला. कापडी मुसकं नको, त्यात तोंड उघडून धापा टाकता येत नाहीत आणि कुत्र्याचं शरीर मुख्यतः धापा टाकूनच थंड होतं.

पट्ट्याचं म्हणाल तर गर्दीत दीड-दोन मीटर पुरे, माळावर पाच ते दहा मीटरची लांब दोरी. ती हार्नेसला लावायची, गळ्याला नाही, नाहीतर धावत्या कुत्र्याचा सगळा झटका मानेवर येतो. सुती दोरी भिजते, काटे धरते. प्लास्टिकचा लेप असलेली पुसली की झालं. आपल्याकडच्या कारवानी आणि मुधोळ कुत्र्यांचं डोकं मानेपेक्षा अरुंद, त्यामुळे साधा पट्टा मागे खेचला की सहज निसटतो. त्यांना ओढल्यावर थोडाच आवळणारा मार्टिंगेल पट्टा लागतो. ही जात नजरेने शिकार करणारी. काळवीट दिसलं की मालकाची हाक ऐकू येत नाही. कितीही शिकवलेला असला तरी माळावर मोकळा सोडायचा नाही.

नान्नज: शून्य, आणि हा दोष जागेचा नाही. १९७९ पासूनचं माळढोक अभयारण्य आहे ते. माळढोक एकच अंडं घालतो, तेही उघड्या जमिनीवर. आता माळढोक दिसतोच कुठे, मग कुत्रा नेला तर काय बिघडलं, असं म्हणणारे भेटतात. काळवीट आणि लांडगे आहेत ना! डिस्टेंपर आणि रेबीज पाळीव कुत्र्यातून लांडग्यात जातात आणि रेबीज तिकडून इकडेही येतो. नान्नजला जा, दुर्बीण घेऊन जा, कुत्रा घरी ठेवून जा. गाडीत ठेवूनही नाही: बंद गाडी दहा मिनिटांत दहा अंशांनी तापू शकते.

कंबर तलाव: दोन. पक्षी बघायला सुंदर, पण वर्दळ आणि भटकी कुत्री यांमुळे शांतपणे चालणं होत नाही. सिद्धेश्वर वनविहार वन विभागाचा, तिथे आधी फाटकावर विचारा. भुईकोट किल्ला केंद्राने संरक्षित केलेलं स्मारक. १९५९ च्या नियमांनुसार अशा स्मारकात जनावर आणायला मनाई आहे, तेव्हा वाद घालू नका. सिद्धेश्वर तलावाचा परिसर जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, दिवसांत टाळा, शोभेच्या दारूकामाने कुत्रं पट्टा तोडून पळतं.

हुरड्याच्या पार्टीला कुत्रा न्यायचा असेल तर शेंगाचटणी त्याच्यापासून दूर, त्यातला लसूण त्याच्या रक्तपेशी फोडतो. द्राक्षबागेत खाली पडलेले मणी आणि बेदाणे त्याहून वाईट, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. खाल्ल्याचं कळताच डॉक्टर. उलटीची वाट बघायची नाही. बिनतिखटाचा, बिनमिठाचा भाकरीचा तुकडा मात्र खुशाल द्या.

ऊन लागल्याची खूण: धाप थांबत नाही, लाळ चिकट, हिरड्या गडद लाल, चाल डळमळीत. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश, ४१ म्हणजे जीवावरचं. आधी थंड करा, मग दवाखान्यात न्या. साधं पाणी पोटावर, जांघेत, पंजांवर ओता आणि वारा घाला. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, उष्णता आत कोंडते. आखूड नाकाच्या पगला उन्हाळ्यात नेऊच नका.

गाडीच्या सीटवर जुनी सोलापुरी चादर टाका. विकतच्या कव्हरपेक्षा ती बरी: घसरत नाही, पाणी शोषते, घरी धुता येते.

परतल्यावर चादरीवरच तपासणी. गोचीड कानात, मानेखाली, बोटांच्या मधे आणि शेपटीखाली शोधा. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल किंवा काडीचा चटका नको. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत ताप, न जेवणं किंवा नाकातून रक्त आलं तर रक्त तपासून घ्या.

सराटा पंजात रुतला तर दिसतो आणि निघतो. पावसाळ्यानंतर वाळलेलं कुसळ मात्र दिसत नाही. त्याचे केस एकाच दिशेला, म्हणून ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर माळावरून आल्यावर बोटांच्या मधले केस विंचरा, कान उलटून बघा. कुत्रा एकच कान झटकत असेल, डोकं तिरकं धरत असेल किंवा पंजाची एकच जागा चाटत असेल, तर कानात तेल न घालता त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.