आमच्याच खरेदीखतातला रस्ता शेजाऱ्याने आम्हालाच २ लाख ४० हजारांना विकला

गुंठेवारीत, म्हणजे गुंठ्यागुंठ्याने पाडून विकलेल्या प्लॉटवर, घर असेल, दारापुढचा बोळ सगळ्यांचा मिळून असेल आणि शेजारी जुना जागामालक असेल तर हे पूर्ण वाचा. आमच्या मिस्टरांचं म्हणणं होतं की लिहू नको, लोक नावं ठेवतील. ठेवू देत. निदान पुढच्याचे पैसे तरी वाचतील.

आमचा प्लॉट दीड गुंठ्याचा, २०११ साली सेकंड पार्टीकडून घेतलेला, रजिस्टर खरेदीखत आहे. पूर्वेला बोळ, बोळाच्या पलीकडे अण्णांचं घर. ही सगळी जमीन मूळ त्यांच्या वडिलांची, त्यांनीच प्लॉट पाडून विकली. अण्णा म्हणजे गल्लीतला मोठा माणूस, उन्हाळ्यात टँकर आला की नंबर लावून देणार, माझ्या सासूबाईंना अॅटॅक आला तेव्हा रात्रभर दवाखान्यात बसले होते. अशा माणसावर संशय घ्यायचा असतो का, तुम्हीच सांगा.

आम्ही सेकंडहँड वॅगनआर घेतली आणि तिथून सुरू झालं. गाडी बोळात लावली की सकाळी समोर विटांचा ढीग. विचारलं तर अण्णा म्हणाले, "पोरी, बोळ माझ्या सातबाऱ्यात आहे, इतकी वर्षं तुम्हाला जाऊ दिलं ते माणुसकीनं. गाडीचं म्हणशील तर कायमचा हक्क लिहून देतो, एकदाच काय ते देऊन टाका." आणि सातबारा दाखवला, त्यावर खरंच त्यांचं नाव आणि क्षेत्र होतं.

इथेच मेख आहे, नीट समजून घ्या. गुंठेवारीत प्लॉट विकले जातात पण रस्त्यासाठी सोडलेली जागा वेगळी तोडून कोणी नोंदवत नाही, त्यामुळे ती सातबाऱ्यावर मूळ मालकाच्याच नावावर दिसत राहते. म्हणून सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे तो रस्ता विकू शकतो असं अजिबात नाही. हे मला आज कळतंय, तेव्हा कोण सांगणार होतं?

व्यवहार ठरला २,४०,००० ला. टोकन ४०,००० रोख, १,५०,००० मिस्टरांच्या खात्यातून एनईएफटी, आणि नोटरीच्या दिवशी ५०,००० परत रोख, कारण "पुतण्याला द्यायचेत, त्याचं बँकेत खातं नाही". ५०० च्या स्टॅम्पवर सहमतीपत्र. वर आम्ही स्वतःच्या खर्चाने बोळात काँक्रीट केलं ते ३८,५०० चं.

आता तो क्षण, जो आठवला की आजही झोप उडते. टायपिस्टने विचारलं, ताई, तुमच्या खतात चतुःसीमा काय लिहिलीय, पूर्वेस काय आहे? मी फाईल उघडायला गेले तर अण्णांनी माझ्या फायलीवर तळहात ठेवला. अगदी सहज, जसं कोणी कागद उडू नये म्हणून ठेवतं तसं, आणि टायपिस्टला म्हणाले, "लिहा, पूर्वेस माझी जागा." त्याने टाईप केलं. मी बघत होते. तळहात उचलला तो प्रिंट निघाल्यावरच. तेव्हाच म्हणायला हवं होतं की थांबा, आधी खत वाचू. पण मूळ खत पतसंस्थेत तारण, फायलीत झेरॉक्स, तिची पण अर्धी पानं पुसट, आणि समोर वडिलांच्या वयाचा माणूस. त्याच्या हाताखालून कागद ओढायचा का मी? आमच्या जागी कोणी ओढला असता?

काही महिने गाडी सुखाने लागली. मग मागच्या घरातल्यांचा छोटा हत्ती बोळात उभा राहायला लागला. भांडण झालं तेव्हा कळलं की त्यांच्याकडून पण अण्णांनी याच बोळाचे १,१०,००० घेतलेत, तसंच सहमतीपत्र, तोच नोटरी. जाब विचारला तर अण्णा म्हणतात, तुमच्या कागदात "ये-जा" लिहिलंय, गाडी लावायचं कुठे लिहिलंय, त्याचे वेगळे ६०,००० होतील. आणि दुसऱ्या दिवशी बोळाच्या तोंडाला लोखंडी अँगल ठोकून साखळी लावली.

मग माझ्या भावाने डोकं चालवलं. दुय्यम निबंधक कार्यालयातून आमच्या खताची नक्कल काढली. तिसऱ्या पानावर स्वच्छ लिहिलंय, "पूर्वेस ६ मीटर रुंदीचा सामायिक रस्ता". अण्णांच्या वडिलांनी पहिल्यांदा प्लॉट विकला त्या खतात पण हेच, खाली त्यांची सही. म्हणजे रस्ता आमचा, मागच्यांचा, सगळ्यांचा आधीपासूनच होता. ६ मीटर म्हणजे जवळजवळ २० फूट. आज जागेवर मोजला तर ११ फूट भरतो, बाकीचा अण्णांच्या कंपाउंडच्या आत. चोरलेला रस्ता चोरानेच आम्हाला विकला!

नक्कल काढायला फार पैसे लागत नाहीत. व्यवहाराच्या आधी काढा, नंतर नाही.

आणि नोटरी म्हणजे रजिस्ट्री नव्हे. शंभर रुपयांच्या वरचा जागेतला कुठलाही हक्क विकत घ्यायचा तर १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे दस्त रजिस्टर लागतो. नोटरीच्या लाल शिक्क्याने हक्क मिळत नाही. जो म्हणेल की रजिस्टरचा खर्च कशाला, आपण घरचेच, त्याच्यापासून आधी लांब व्हा.

आता सरकारी लोकांचं ऐका. पोलीस स्टेशनला गेलो तर ठाणे अंमलदाराने पूर्ण ऐकून पण घेतलं नाही, "दिवाणी बाब आहे, कोर्टात जा." एकच रस्ता दोघांना विकला, तोही स्वतःचा नसलेला, ही फसवणूक नाही? जुनं ४२० म्हणजे आता न्याय संहितेचं ३१८, ते काय फक्त भिंतीवर लावायला केलंय? एनसीचा (अदखलपात्र नोंदीचा) कागद हातात देऊन घरी पाठवलं. तलाठी म्हणतो सातबाऱ्यावर रस्त्याची नोंदच नाही, मी काय करू. तहसीलला मामलतदार कोर्ट कायद्याखाली अडथळा काढायचा अर्ज घेऊन गेलो तर क्लार्क म्हणाला तो कायदा शेतीच्या वाटेसाठी, तुम्ही महापालिका हद्दीत, तिकडे जा. (तुमची वाट शेताची असेल तर लक्षात ठेवा, तो अर्ज अडथळा केल्यापासून सहा महिन्यांच्या आत लागतो.) महापालिकेत साहेब म्हणाले, वसाहत नियमित झालेली नाही, रस्ता आमच्याकडे नोंदलेला नाही, अतिक्रमण कशाचं काढू? मग घरपट्टी कशाची घेता हो? दरवर्षी ४,३२० रुपये भरतो आम्ही, तेव्हा वसाहत बरोबर दिसते! गुंठेवारी नियमित करायचा कायदा २००१ चा, इतक्या वर्षांत आमच्या गल्लीत कोणी टेप घेऊन आलं नाही, आणि आता ज्याने रस्ता गिळला तो दारात खुर्ची टाकून बसतो, आम्ही मात्र या टेबलावरून त्या टेबलावर. एकाने सुद्धा जागेवर येऊन साखळी बघितली नाही. लिहून द्या म्हटलं तर लिहून पण देत नाहीत, सगळं तोंडी.

तुम्हाला परत पाठवलं तर तक्रार लेखी द्या, पोचचा शिक्का घ्या. पोलिसांनी गुन्हा नोंदवला नाही तर पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांना पोस्टाने पाठवा, त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. हे आम्हाला वकिलाने सांगितलं, १२,००० फी घेऊन.

वकिलाच्या नोटिशीला अण्णांचं उत्तर आलंय. रोख ९०,००० मिळालेच नाहीत म्हणे. आणि १,५०,००० ही मिस्टरांनी घेतलेल्या हातउसन्या रकमेची परतफेड, कारण एनईएफटीच्या स्लिपवर कारणाचा रकाना कोरा आहे. तो रकाना कधीही कोरा सोडू नका, "रस्ता हक्कापोटी" असं सरळ लिहा. सहमतीपत्रात रक्कम "परस्पर पोचली" एवढंच आहे, आकडा नाही. आकडा घालू दिला नाही तेही त्यांनीच, स्टॅम्प ड्युटी वाढेल म्हणून.

मागच्या घरातले आता साक्ष द्यायला तयार झालेत, ते पण बायकोने रागावल्यावर. गल्लीत अजून दोघांनी पैसे दिल्याचं कानावर आहे पण लाजेने गप्प बसलेत. त्यांच्यापर्यंत हे पोचलं तर प्लीज पुढे या, तुमचं नाव मी कुठेही सांगणार नाही, फक्त सहमतीपत्राची झेरॉक्स आमच्या वकिलाकडे द्या. नोटरी एकच, मजकूर एकच आणि गिऱ्हाईकं चार, हे कागद एकत्र लागले तर "दिवाणी बाब" म्हणायला त्यांना तोंड राहणार नाही.