युमाजवळ आरव्ही कुठे लावायची: कसिनो की इम्पीरियल डॅम?

सॅन डिएगोहून फिनिक्सकडे आरव्हीने, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीने, निघालेल्या एका मित्राचा प्रश्न: अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या युमा शहराजवळ रात्र क्वेचान कसिनोच्या पार्किंगमध्ये काढू, की इम्पीरियल डॅमजवळच्या सरकारी जमिनीवर?

खर्च पाहिला, तर एका रात्रीसाठी सरकारी जागा महाग पडते. हिवाळी हंगामात, म्हणजे 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल, तिथे परवाना लागतो. वर्षानुवर्षं दर 14 दिवसांना 40 डॉलर आणि पूर्ण हंगामाला 180 डॉलर असा राहिला आहे. निघण्याआधी ताजा आकडा बघा. महिनाभर राहणाऱ्याला मात्र याहून स्वस्त काय मिळणार! पाणी भरायची आणि सांडपाणी टाकायची सोयही आहे.

कसिनो आय-8 महामार्गाला लागूनच आहे, त्यामुळे वाट वाकडी करावी लागत नाही. पण झोपायचं डांबरावर, दिव्यांच्या उजेडात. शांतता हवी असेल तर इम्पीरियल डॅम कितीतरी सरस.

एक गोष्ट लोक विसरतात. कसिनोची जागा क्वेचान या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी जमातीच्या, 1884 साली ठरलेल्या फोर्ट युमा आरक्षित प्रदेशात आहे. कोलोरॅडो नदी ओलांडायची ही जागा पूर्वापार त्यांच्याच ताब्यात होती. 1781 मध्ये उठाव करून त्यांनी स्पॅनिशांना इथून हुसकावलं होतं. तेव्हा आधी सुरक्षारक्षकाला विचारा, मगच गाडी लावा. खुर्च्या आणि शेगडी बाहेर मांडू नका.

रात्रीपुरता मुक्काम किंवा सीमेपलीकडे मेक्सिकोतल्या लॉस अल्गोदोनेस गावी दातांच्या डॉक्टरकडे जायचं असेल तर कसिनो. आठवडे काढायचे असतील तर इम्पीरियल डॅम.